अलंकार ओळखायला नको, वापरायला शिकवू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

मी मराठी शिकवते. विषय छोटा वाटेल पण माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, म्हणून डायरेक्ट मुद्द्यावर येते. मुलांना उपमा, रूपक, अतिशयोक्ती, वाक्प्रचार हे सगळं आपण शिकवतो म्हणजे खरं तर त्यांची नावं पाठ करून घेतो, आणि पेपरात विचारतो काय तर 'अलंकार ओळखा'. मग मुलं शॉर्टकट शोधणारच ना. सारखा, प्रमाणे, सम दिसलं की उपमा, जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा, वाक्य वाचायची गरजच नाही. पण 'माझ्यासारखाच तोही पाचवीत आहे' हे वाक्य दिलं तर वर्गातली निम्मी मुलं उपमा लिहून मोकळी होतात, आणि त्यात अलंकार काहीच नाही, साधी माहिती आहे. उलट 'आई म्हणजे सावली' हे रूपक दिलं तर गोंधळतात कारण खुणेचा शब्दच सापडत नाही. 'तुला लाख वेळा सांगितलं' हे घरी रोज ऐकतात पण ती अतिशयोक्ती आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पुस्तकातली अतिशयोक्ती नेहमी जुन्या कवितेतच भेटते.

वाक्प्रचारांचं तर विचारूच नका. 'कान टवकारणे, वाक्यात उपयोग करा' याचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'रामने कान टवकारले', आणि याला पूर्ण मार्क मिळतात! यावरून त्या मुलाला अर्थ कळलाय की नाही ते कसं समजणार? एका मुलीने लिहिलं होतं, 'जिन्यावर बाबांच्या चपला वाजल्या तशी ताईने मोबाइल उशीखाली सरकवला आणि कान टवकारले'. याला म्हणतात उपयोग. पण मार्क दोघांना सारखेच, मग दुसऱ्या वेळी तिने तरी एवढं डोकं का चालवावं?

लहान मुलं आधी शब्दशः अर्थ घेतात, त्यात चूक काही नाही, पोटात कावळे ओरडतात म्हटल्यावर पहिलीतलं मूल पोटाकडे बघणारच. हे भान हळूहळू येतं, आणि एखाद्या प्रसंगात, गोष्टीत ऐकलं तर सुटी यादी घोकण्यापेक्षा लवकर येतं. ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत ती मुलं, किंवा स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी बरीच, त्यांना तर हे मुद्दाम उलगडून सांगावं लागतं, नाहीतर वर्ग हसतो आणि ते मूल गप्प बसायला शिकतं. याचं मला फार वाईट वाटतं.

चौथीच्या वर्गात मी एकदा व्याख्या बाजूला ठेवून नुसतं म्हटलं, घरातल्या माणसाचा हात कसा आहे ते सांगा. एक मुलगी म्हणाली, आजीचा हात झाडाच्या सालीसारखा आहे. विचारलं, काय सारखं आहे गं? म्हणे खरखरीत. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जण, बाई, आणि जुनं पण! उपमेय म्हणजे हात, उपमान म्हणजे साल, साधारण धर्म म्हणजे दोघांतला खरखरीतपणा, सगळं एका मिनिटात झालं, नावं न घेता. नावं नंतर सांगितली तर चिकटतात पण. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, पुढच्या पंडितांनी ती यादी शंभराच्या वर नेली. पंडितांना ती हवी असेल, दहा वर्षांच्या मुलाला चार-पाच नीट वापरता आले तर खूप झालं.

आणि साहेब, हे नुसतं भाषेच्या सजावटीपुरतं नाही. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसांना कुणी 'लोंढे' म्हणतं तेव्हा ते रूपक असतं, आणि ऐकणाऱ्याच्या मनात माणसं जाऊन पूर उरतो, मग पुराला बांध घालायचा असतो हेही आपोआप आलंच. 'आजाराशी झुंज हरला' हे आपण किती सहज म्हणतो, पण ज्या पोराचे वडील त्या आजारात गेले त्याला वाटू शकतं की बाबा लढायला कमी पडले. तुलना कुणी केली, त्यातलं काय जुळतं, काय जुळत नाही, हे विचारायची सवय शाळेत नाही लागली तर कुठे लागणार? उद्या हीच मुलं जाहिराती बघणार, तुमची आणि तुमच्या विरोधकांची भाषणं ऐकणार, मत देणार.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात घोकंपट्टीपेक्षा समजून घेण्यावर भर आहे, त्याच जोरावर मागते. प्राथमिकला व्याख्या विचारूच नका. मोठ्या वर्गांना 'अलंकार ओळखा' ऐवजी एक वाक्य द्या आणि विचारा की ही तुलना काढून टाकली तर काय कमी होईल, आणि हीच गोष्ट तू कशासारखी म्हणशील. वाक्प्रचाराला मार्क तेव्हाच द्या जेव्हा वाक्यावरून अर्थ कळतो. उदाहरणं कवितेबरोबर रोजच्या बोलण्यातली, बातम्यांतली पण घ्या. तपासायला वेळ लागेल, उत्तरं वेगवेगळी येतील, नमुना उत्तरपत्रिकेत बसणार नाहीत, म्हणून शिक्षकांना त्याचं एखादं ट्रेनिंग लागेल, आणि ते उत्तरं समोर ठेवून व्हावं, नुसती स्लाइड दाखवून नको. सगळं एकदम जमणार नसेल तर येत्या वर्षी फक्त वाक्प्रचाराच्या मार्कांचा नियम बदला, त्याला नवं पुस्तकही छापावं लागत नाही.

आपली,
एक मराठीची शिक्षिका