हॅम्बुर्गहून पत्र

हॅम्बुर्ग, ३ जानेवारी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आजीला मोबाईलवरचं वाचवत नाही, म्हणून मुद्दाम कागदावर लिहितोय. तिला मोठ्याने वाचून दाखवा. शेवटचा भाग गाळलात तरी चालेल.

माझी तब्येत उत्तम. थंडीचं आता तुम्हालाही पाठ झालंय, ते लिहीत नाही. आई, ‘पोरगं रात्री जागून जुन्या मालिका बघतं, एकटं पडलंय’ असं तू मावशीला सांगितलंस, ते फिरून माझ्यापर्यंत आलं. तसं काही नाही गं. जेवताना काहीतरी लावायचं म्हणून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ लावतो, इतकंच. मग एकातून दुसरं निघत जातं. ‘टिपरे’ बघणाऱ्याला यूट्यूब आपणहून ‘चिमणराव’ दाखवतं. बाबा, तेच कृष्णधवल, जे तुम्ही पुण्याला शिकताना घरमालकांच्या दारात उभं राहून बघायचात. आमच्यासाठी प्रभावळकर म्हणजे आबा टिपरे, आणि इथे ते चक्क तिशीतले! तुम्ही हे सांगायला लागलात की मी आणि ताई ‘झालं यांचं सुरू’ म्हणत उठून जायचो. आता रविवारी फोनवर नीट सांगा. मी कुठे जात नाही.

आणि जुनं बघण्यात इथले लोक माझ्या वरताण आहेत. ३१ तारखेला शेजारच्या आजींनी बोलावलं होतं. (आजीला सांगा, उकडलेले बटाटे आणि वितळवलेलं चीज खाल्लं, बाकी कशाला हात लावला नाही.) जेवता जेवता सगळे एकदम टीव्हीपुढे. ‘डिनर फॉर वन’ नावाचं अठरा मिनिटांचं प्रहसन लागलं. १९६३ साली याच हॅम्बुर्गमध्ये प्रेक्षकांसमोर चित्रित केलेलं. गंमत अशी की नट इंग्रज आणि संवादही इंग्रजी. सुरुवातीला एक गृहस्थ जर्मनमध्ये गोष्ट समजावून देतो, तेवढंच. १९७२ पासून दर वर्षअखेरीला हे लागतंच. आपलं मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेच साल. खुद्द इंग्लंडात मात्र कित्येक वर्षं ते फारसं कुणाला माहीत नव्हतं!

गोष्ट काय, तर एका म्हाताऱ्या बाईंचा नव्वदावा वाढदिवस. टेबलावर चार मित्रांची पानं मांडलेली, पण ते चौघे केव्हाच वारलेत. मग म्हातारा नोकरच आळीपाळीने चौघांच्या वतीने दारू पितो आणि वाघाच्या कातड्याला अडखळत अडखळत वाढतो. पहिलं वाढप मलिगटॉनी सूपचं, म्हणजे आपल्या मद्रासच्या रसमचा साहेबी अवतार. ‘बनवाबनवी’ लागला की काका जसे अशोक सराफांच्या आधी संवाद म्हणतात, तशा या आजी प्रत्येक वाक्य आधी म्हणत होत्या. नोकर अडखळायच्या आधीच हसायच्या. पहिल्यांदा मला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे. मग हसलो. खूप हसलो. त्यांच्याही टेबलावर एक पान जास्तीचं होतं, ते कुणाचं हे मी विचारलं नाही.

असो. ताईच्या हॉलच्या आगाऊ रकमेचे पैसे काल पाठवलेत. बाबा, पतपेढीकडे जाऊ नका, उरलेले मार्चमध्ये पाठवतो. केळवणांना आणि हळदीला मी नसेन. रजा लग्नाच्या आदल्या दिवसापासूनच मिळतेय, ती वाढवून मागितली आहे. ताईला हे मी स्वतः सांगेन, तुम्ही सांगू नका. ती फोनवर ‘बरं’ म्हणेल आणि मग दोन दिवस बोलणार नाही, मला माहीत आहे.

कोथरूडच्या स्थळाचं एवढ्यात कुणाला काही कळवू नका. नाही म्हणत नाहीये. पण मुलीला इकडे यायचं आहे का, हे कुणी तिला विचारलंय का? आधी ते विचारा.

बाबांच्या मोतीबिंदूचं मला काकूकडून कळलं. ‘उगाच काळजी करेल’ म्हणून लपवलंत ना? तारीख ठरली की आधी मला सांगा. खर्चाचंही सांगा.

आजीला नमस्कार.

तुमचा,
सौरभ