बाबा, या वेळी माप तुमच्या पावलांचं

बेंगळुरू
४ जून

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलून होत नाही. बाबा, पायात चपला घाला म्हटलं की तुम्ही "हो हो, घालतो" म्हणता आणि विषय काजूवर नेता. मागून आई म्हणते, "कुठे घालतायत!" आणि मग तुमचं दोघांचं सुरू होतं. म्हणून लिहायला बसले. आई, लग्नानंतर तू बाबांना जहाजावर पत्रं पाठवायचीस, तेव्हा पत्त्यात गावच नसायचं. नाव, हुद्दा, जहाज आणि खाली 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. जहाज कोचीला असो की अंदमानला, पत्र हुडकत जायचं आणि बाबा ते चार-चार वेळा वाचायचे. बाबा, हे तसंच वाचा.

वैशाखातली ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही सड्यावर काजू बघायला अनवाणी गेलात. भर दुपारचा कातळ, ज्यावर गुरंसुद्धा थांबत नाहीत. परत येऊन पाणी प्यायलात, झोपाळ्यावर बसलात, आणि आईला पडवीच्या लादीवर तुमच्या पावलांबरोबर रक्ताचे डाग दिसले. तळव्याला तीन फोड, त्यातला एक फुटलेला. तुम्ही तिला म्हणालात, "मला कळलंच नाही." आईने फोनवर ते वाक्य सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात खाली बसले. कारण पायाला तापलेलं जेवढं तुम्हाला कळायचं तेवढं कुणालाच कळत नसेल.

लहानपणी तुमच्याकडून ऐकलेलं मला पाठ आहे. १९८१ साली, अठराव्या वर्षी, गुहागरहून निघून तुम्ही ओडिशात चिल्का सरोवराकाठच्या आयएनएस चिल्कावर, नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात पोचलात. पाठीवर एक वळकटी आणि आजीने बांधून दिलेली कुळथाची पिठी. मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, आणि १९८३ ला विमानवाहू जहाज विक्रांत. तुम्ही स्टोकर होतात, बॉयलर सांभाळणारे. त्या वर्षाच्या अखेरीस विक्रांतच्या डेकवर सी हॅरिअर विमानं पहिल्यांदा उतरली, आणि जो तो वर बघत होता. तुम्ही तेव्हा खाली होतात, बॉयलर रूममध्ये, चार तासांच्या वॉचवर, म्हणजे पाळीवर. "विमान उतरलं ते आम्हाला आवाजावरून कळलं," असं सांगायचात. लोक विक्रांत म्हटलं की विमानं आठवतात. मला मात्र ती लोखंडी जाळीची जमीन आठवते, जी मी कधी पाहिलेलीही नाही. खालून वाफ, पायाशी तेल, आणि उभं राहायचं ते बुटांच्या भरवशावर. एका बुटाचा तळ तेलाने फुगून सुटला होता, आणि तुम्ही उरलेला वॉच एका पायाच्या कडेवर उभं राहून काढलात. तेव्हा तुमचं वय माझ्या आत्ताच्या वयापेक्षा कितीतरी कमी होतं. तुम्ही म्हणायचात की माणूस दमतो तो आधी पायात दमतो, डोक्याला ते नंतर कळतं.

पंधरा वर्षं पूर्ण करून १९९६ ला तुम्ही पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडलात. पुढच्याच जानेवारीत, १९९७ च्या एकतीस तारखेला, विक्रांत निवृत्त झाली. वर्तमानपत्रातला तो फोटो तुम्ही कापून गीतेत ठेवला होतात. मी सात वर्षांची होते, पण तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत हे मला आठवतं. नंतर ती मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती तेव्हा आपण सगळे गेलो होतो. गाइड पुढे गेला तरी तुम्ही खाली उतरणाऱ्या एका शिडीपाशी थांबून राहिलात. २०१४ ला ती भंगारात गेली. त्याबद्दल तुम्ही घरात एक शब्द काढला नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

नेव्हीतून आलेल्या माणसाला सिक्युरिटीत नाहीतर बँकेत नोकरी मिळते, असं सगळे धरून चालले होते. तुम्ही भिवंडीच्या बाजूला एका बूट कारखान्यात बॉयलर आणि कॉम्प्रेसर सांभाळायला लागलात. गावी ही बातमी पोचली तेव्हा भावकीत काय काय बोललं गेलं ते मला आता मोठेपणी आत्याकडून कळलं. जहाजावरचा माणूस चामड्यात गेला. आजीने सॅम्पलची पिशवी घरात आणू दिली नव्हती. या गोष्टीचा मला आजही त्रास होतो, बाबा. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या चामडं कमावलं, बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात हात काळे करून सगळ्या गावाचे पाय झाकले, त्यांना वेशीबाहेर ठेवलं. आणि त्यांच्या कामाचा वास आपल्या ओटीवर नको म्हणून आपण नाकं मुरडली. आजीवर माझं प्रेम आहे, पण ही तिची चूकच होती. तुम्ही तिच्याशी वाद घातला नाहीत. आई, तू त्या रात्री पिशवी उचलून आत आणलीस आणि तांदळाच्या कणगीशेजारी ठेवलीस. मी जागी होते. अंथरुणातून पाहिलं होतं.

तुम्हाला यंत्रांपुरतं राहता आलं असतं. पण तुम्ही दर रविवारी कल्याणहून कुर्ल्याला, ठक्कर बाप्पा कॉलनीत जायला लागलात. तिथे गल्लीगल्लीत, माळ्यामाळ्यावर बूट तयार होतात. एका म्हाताऱ्या कारागिराशेजारी पाट घेऊन बसायचात. पावलाच्या आकाराच्या साच्यावर अपर, म्हणजे बुटाचं वरचं चामडं, कसं ओढायचं, चवड्याकडे चामडं किती चिमटायचं, चामडं कापायची रापी कुठल्या कोनात धरली की कड कागदासारखी पातळ होते. सहा महिने तुमच्या अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ होती. त्या कारागिराला तुम्ही शेवटपर्यंत गुरू मानलंत आणि दर दसऱ्याला सोनं द्यायला गेलात. पुढे प्रॉडक्शन मॅनेजर झालात, मग जनरल मॅनेजर, केबिन आली, गाडी आली. ते मी भराभर लिहितेय, कारण तुम्हीही ते असंच भराभर सांगता.

मला घरातलं आठवतं ते वेगळंच. नवीन डिझाइन आलं की तुम्ही आईला डाव्या पायात एक आणि उजव्या पायात दुसरा बूट घालायला द्यायचात. एका पायात पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्या फोमचा तळ, दुसऱ्यात रबराचा. आई, तू ते तसले दोन वेगळे बूट घालून कल्याणच्या भाजी मार्केटात महिनाभर फिरलीस. शेजारणी काय म्हणतील याची तुला पर्वा नव्हती. रोज रात्री वहीत लिहायचीस: 'डावा, करंगळीला लागतो. उजवा, ओल्या फरशीवर घसरला.' ती वही कारखान्यात मीटिंगमध्ये वाचली जायची. साच्याची रुंदी वाढवा, हे तुम्ही सेल्सवाल्यांना वर्षानुवर्षं सांगत होतात. विलायती साचे आपल्या चवड्याला अरुंद पडतात, लोक मग एक नंबर मोठा घेतात आणि टाच निसटते, असं तुमचं म्हणणं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली आणि भारतीय पाऊल युरोपी पावलापेक्षा रुंद असतं असंच त्यातून निघालं. आता आपल्या मापांची वेगळी पद्धत 'भा' या नावाने सुचवली आहे. ती बातमी आली तेव्हा मी तुम्हाला पाठवली, आणि तुम्ही उत्तरात एवढंच लिहिलंत: 'तुझ्या आईला दाखव.'

आणि शाळेच्या बुटांचं ते वर्ष. कोकणातल्या दुकानांत दोन पावसाळे पडून राहिलेले बूट जूनमध्ये विकले गेले आणि पोरं शाळेत पोचेपर्यंत तळ भुगा होऊन रस्त्यावर सांडले. त्या जातीच्या पीयूला दमट हवा आतून खाते; पायात वापरलेला बूट टिकतो आणि खोक्यात ठेवलेला मरतो. कंपनीत काही जण म्हणाले, दुकानदाराने नीट ठेवला नाही, आपला संबंध नाही. तुम्ही एसटीने चिपळूण, खेड, दापोली फिरलात आणि जोड परत घेतलेत. नंतर तळाचं मटेरियल बदललंत, आणि गोदामात जहाजाच्या स्टोअरसारखा नियम लावलात: आधी आलेला माल आधी बाहेर, प्रत्येक खोक्यावर महिना. त्या वर्षी तुमची बढती हुकली. आईने मला हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं, तुम्ही कधीच नाही.

हे सगळं मी का लिहितेय? करिगिरीसाठी. तुम्ही चामड्याच्या खरेदीला राणीपेट-आंबूरकडे जायचात, आणि एकदा वेल्लोरजवळच्या करिगिरीला कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात चपला बनवायचा विभाग बघून आलात. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. तुम्ही घरी येऊन बॅगही उघडली नव्हती आणि आम्हाला समोर बसवून सांगत होतात. पॉल ब्रँड नावाच्या डॉक्टरांची गोष्ट. वेल्लोरला काम करताना त्यांच्या लक्षात आलं की कुष्ठरोग्यांचे हातपाय झडतात ते रोगाने सडून नव्हे. दुखणं कळत नाही म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो आणि पाऊल हळूहळू संपतं. म्हणून त्यांच्यासाठी मऊ, बारीक भोकांच्या रबराच्या, एमसीआरच्या चपला. खिळा एकही नाही, कारण खिळा वर आला तर त्या पायाला कळणार नाही. तुम्ही म्हणाला होतात, "दुखणं ही देवाने दिलेली घंटा आहे. त्यांची घंटा बंद पडलीय, म्हणून चप्पल जास्त शहाणी पाहिजे." तुमचा आवाज तेव्हा भरून आला होता. आम्ही तुम्हाला तसं कधी पाहिलं नव्हतं.

बाबा, तुमची घंटा बंद पडलीय.

रत्नागिरीला डॉक्टरांनी तुमचे डोळे मिटायला सांगून नायलॉनचा तो बारीक तंतू तळव्याला दहा ठिकाणी टेकवला. तो दहा ग्रॅम दाबाला वाकतो. तुम्ही तीन ठिकाणी "हो" म्हणालात. सात वेळा खोली शांत राहिली. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. तुम्ही अजून तंतू टेकायची वाट बघत होतात. पंधरा वर्षांच्या मधुमेहाने हे केलंय, तुमच्या हलगर्जीपणाने नव्हे, असं डॉक्टर म्हणाले आणि मीही तेच म्हणते. पण यापुढे अनवाणी जायचं नाही. अंगणातसुद्धा नाही, तुळशीपाशीसुद्धा नाही. देवळात जाताना मोजे. तुम्हाला वाटतं, अख्खा जन्म लोकांच्या पायात काहीतरी घालण्यात गेला, आता आपल्या मातीला पाय लागू देत. मला ते कळतं. पण माती आता तुम्हाला लागत नाही, बाबा. फक्त कातळाचे चटके, काजूची काटकी आणि शिंपल्याची कड तेवढी लागते, आणि त्यातलं काही तुम्हाला कळत नाही.

आठवतं, त्या दिवशी घरी आल्यावर मी पडवीत वर्तमानपत्र पसरून तुम्हाला त्यावर उभं केलं? दर मे महिन्यात तुम्ही आम्हाला तसं उभं करायचात. पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ मारायचात, कारण पेन्सिल आत कलली की माप चोरलं जातं. आम्हाला गुदगुल्या व्हायच्या आणि रेघ हलायची, मग तुम्ही पुन्हा काढायचात. मी तुमची रेघ काढली तेव्हा पेन्सिल करंगळीच्या कडेने फिरली, टाचेवरून गेली, आणि तुमचं पाऊल जरासुद्धा हललं नाही. मी खाली मान घालून होते, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल.

तो कागद मी इथे एका माणसाला दिला. तो मधुमेह्यांसाठी चपला करतो. कुठे काय पाहिजे ते मी सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, घरात कुणी या धंद्यात आहे का. मी अभिमानाने हो म्हणाले. वरचा थर एमसीआरचा, खाली जरा कडक तळ, चवडा रुंद, मागे पट्टा, वेलक्रो, शिवण सगळी बाहेरून. खिळा नाही, मी हात आत फिरवून दोनदा पाहिलंय. तुम्हीही बघाल, आणि काहीतरी खोड काढाल. काढा. लिहून कळवा, तो बदलून देईल. दोन जोड आहेत, एक घरात आणि एक बाहेर. पहिले काही दिवस तासभरच घाला आणि मग काढून पाऊल बघा, लाल झालंय का. हा तुमचाच नियम.

आई, तुझ्यासाठी एक छोटा आरसा टाकलाय, लांब दांड्याचा. रात्री जेवणानंतर बाबांचे दोन्ही तळवे त्यात बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. पाणी गरम असलं तर बाबांनी बादलीत पाय घालण्याआधी तू कोपर बुडवून बघ. आणि एक शंभर पानी वही आहे. डावा, उजवा, तारीख. तुला कसं लिहायचं ते सांगायला नको.

मिरगाचा पाऊस धरायच्या आत पार्सल पोचायला हवं. कुरिअरवाला सड्यावर येत नाही, फाट्यावरच्या दुकानात ठेवेल. बाबा, ते आणायला तुम्ही जाऊ नका. आईला नाहीतर शेजारच्या मुलाला पाठवा, आणि जायचंच असेल तर जुने बूट घालून जा.

तुमची,
बाळी