नाताळच्या भेटींबाबत तरुण संघाच्या सभासदांना सूचना

तरुण संघाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, यंदा मंडळीतील वयोवृद्ध व आजारी सभासदांना द्यावयाच्या नाताळच्या भेटी विकत न आणता आपण स्वतः तयार करणार आहोत. त्यासाठी आगमनकाळाच्या (नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळाच्या) तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर सर्वांनी सभागृहात जमावे.

मुख्य भेट बांबूच्या चांदणीची असेल. तिला सारख्या लांबीच्या 10 कामट्या लागतात. पाच-पाच कामट्यांच्या, पाच टोकांच्या दोन चांदण्या बांधून त्यांची टोके एकमेकांना जखडावीत व आतल्या पाच सांध्यांत 5 आखूड काड्या आडव्या बसवाव्यात, म्हणजे चांदणीला फुगवटा येतो. कामट्या शनिवारी संघाकडून मिळतील. त्या रात्रभर पाण्यात भिजवून आणाव्यात, कारण कोरडी कामटी वाकवताना मोडते. पतंगाचा कागद मात्र सांगाडा पूर्ण सुकल्यावर, म्हणजे चौथ्या रविवारी चिकटवू. आत मेणबत्ती ठेवू नये. विजेचा छोटा दिवाच लावावा.

प्रत्येक चांदणीसोबत हाताने लिहिलेले पत्र द्यावयाचे आहे. त्यात नुसते शास्त्रवचन उतरवून काढणे पुरेसे नाही. ज्यांना ते जाणार आहे त्यांच्याविषयीची एखादी खरी आठवण, उदाहरणार्थ रविवारच्या शाळेत त्यांनी शिकवलेले गीत, त्यात असावी, आणि वाचणाऱ्यांची नजर अधू झाली आहे हे लक्षात घेऊन अक्षर मोठे काढावे. आपले अक्षर वाईट आहे, ही सबब चालणार नाही.

कात्री, दोरा व खळ घरून आणावी. भेटी 24 डिसेंबरला संध्याकाळी घरोघरी जाऊन द्यावयाच्या आहेत.

चिटणीस, तरुण संघ