वाळवीच्या आधी वह्या वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जिल्ह्यातल्या जुन्या चर्चवरचा लेख वाचला. दगडी कमानी, मनोरा, रंगीत काचा, सगळे फोटोत छान उतरले आहे. पण लेख नगर शहराची वेस ओलांडून बाहेर आलाच नाही. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, आमच्या तोंडी अजून नगरच आहे.) नेवासे तालुक्यातल्या माझ्या गावचे देऊळ पत्र्याचे आहे. हो, देऊळच. आमच्याकडची जुनी ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळ म्हणतात आणि तिथे जमणाऱ्यांना मंडळी. घंटेच्या जागी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला आहे, त्याचा आवाज मळ्यापर्यंत जातो.

अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणे केले, हे लेखात बरोबर दिले आहे. त्यानंतर मात्र सारा लेख साहेबांभोवती फिरतो. 1854-55 मध्ये या मिशनच्या अमेरिकेतल्या मुख्य संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीला आले होते. इंग्रजी शाळांवर पैसा घालू नका, मराठीतून काम करा, खेड्याखेड्यांत छोट्या मंडळ्या उभ्या करून त्या इथल्याच पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, हाती द्या, असा त्यांचा हेका. तो सगळ्यांना रुचला नाही. तरी आमच्यासारख्या गावांपर्यंत मंडळ्या पोचल्या त्या याच धोरणामुळे. 1854 साली हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दोघेही जन्माने ब्राह्मण. खेड्यात मंडळी जमली ती मात्र बहुतेक महारवाड्यात आणि मांगवाड्यात, आणि ती जमवली मिशनच्या मास्तराने.

हा मास्तर लेखात कुठेच नाही. दिवसा पोरांना बाराखडी, संध्याकाळी प्रार्थना, रविवारी उपदेश. कुणाचे पत्र आले तर वाचून दाखवायचे, कुणाचा अर्ज लिहून द्यायचा. शाळेची खोली तीच देवळाची खोली. शनिवारी पाट्या उचलायच्या आणि सतरंजी अंथरायची. ज्यांच्या पोरांना गावच्या शाळेत उंबऱ्याबाहेर बसवत, त्यांची पोरे इथे आत बसली. माझे आजोबा अशाच खोलीत शिकले. बायबल त्यांना किती कळले ते सांगता येत नाही, पण सावकाराच्या कागदावर अंगठा देण्याआधी ते कागद वाचू लागले.

आमच्या भागात वडाळ्याला फेअरबँक या मिशनरी घराण्याच्या दोन पिढ्यांनी काम केले. थोरले सॅम्युअल फेअरबँक पक्ष्यांचे जाणकार होते. तमिळनाडूतल्या पळणीच्या डोंगरात राहणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे, 1869 पासून. त्याबद्दल तक्रार नाही, माणूस त्या मानाचाच होता. पण त्यांच्याच काळात आमच्या खोलीत पाढे घेणाऱ्या मास्तराचे नाव गावात एकालाही सांगता येत नाही.

गाण्यांचेही तसेच. मिशनरी हेन्री बॅलेंटाईन यांनी मराठीत गीते आणली, ती परदेशी चालींवर. गावाने ती गायली, पण गळ्यात बसले ते अभंग आणि भजन. ख्रिस्ती पदकर्ते कृष्णराव सांगळे यांची पदे आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांची भजने आमच्याकडे अजून पेटी, तबला आणि झांजांवर होतात. बाहेरून जाणाऱ्याला वाटते, हरिपाठ चालला आहे.

हा इतिहास कुठे लिहिलेला आहे? बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि पुरल्याच्या नोंदवह्यांत. आमच्या मंडळीची एक जुनी वही मी पाहिली आहे. 1899-1900 च्या दुष्काळात नावे भराभर वाढलेली आणि पुढच्या पानांवर त्यांतल्या कित्येकांपुढे 'गाव सोडून गेला' असा शेरा. 'पोटासाठी बाटले' म्हणून टोमणा मारणाऱ्यांनी ती पाने बघावीत, आणि आम्ही सगळे श्रद्धेपोटीच आलो असे छातीठोक सांगणाऱ्या आमच्या लोकांनीही. निम्मी वही आता वाळवीने खाल्ली आहे.

वह्या बाहेर काढायला आमचीच माणसे कचरतात, हेही लिहायला हवे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही. त्यामुळे रविवारी देवळात असलेला माणूस शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' असतो. वही उघडली की कुणाची तरी नोकरी अडचणीत येईल, ही भीती खोटी नाही. त्यात 1956 नंतर एकाच आडनावाची निम्मी घरे बुद्धविहारात गेली. मयतीला आणि लग्नाला अजून सगळे एकत्र असतात, पण वहीतला पणजोबा दोघांचा आहे, हे नव्या पोरांना ठाऊक नाही.

म्हणून एक सुचवतो. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींनी आज कुणाचे काही बिघडणार नाही. निदान तेवढ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा एका गावच्या देवळाला जागा दिलीत तर मंडळ्या आपणहून वह्या शोधतील. पेपरात नाव येणार म्हटले की आमचे पंच जागे होतात.

आमच्या गावापुरते आम्ही सुरू केले आहे. सुगीच्या सणाला लोक धान्य, कोंबड्या, भोपळे देवळात आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. यंदाचे पैसे लोखंडी कपाटासाठी ठेवले. एका डांगराला साडेतीनशे रुपये आले. घेणाऱ्याने ते घरी न नेता पुन्हा लिलावात ठेवले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नेवासे तालुका