नवोदित वकिलांच्या प्राथमिक शंका

महोदय,

वकीलपत्रावर किती रुपयांचे तिकीट लावायचे, कॅव्हेट (आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, असा न्यायालयात आधीच केलेला अर्ज) किती दिवस टिकते, असे एखाद्या नवोदित वकिलाने बार रूममध्ये विचारले की ‘कॉलेजात शिकलात काय?’ हा प्रतिप्रश्न बहुधा ठरलेला असतो. वास्तविक कॅव्हेटची मुदत ९० दिवस असते, एवढे सांगताना ज्येष्ठांच्या पदरचे काहीच जात नाही. मात्र संकोचाने गप्प राहिलेल्या कनिष्ठाकडून कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल करण्याची ३० दिवसांची मुदत हुकली, तर मुदतवाढीसाठी धावाधाव होते आणि तिचा भुर्दंड पक्षकाराला पडतो.

१ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा तर तीस-तीस वर्षे वकिली केलेल्यांनाही पाटी कोरी करून बसावे लागले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे ४८२ कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५२८ झाले आहे, आणि नव्या संहितेतील ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन! त्या काळात ज्येष्ठांनी एकमेकांना कलमे विचारली, त्यात कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते. मग हीच मुभा कनिष्ठांना का नसावी?

तालुका व जिल्हा वकील संघांनी आठवड्यातील एक दुपार केवळ अशा शंकांसाठी राखून ठेवावी आणि त्या वेळी एका अनुभवी वकिलाने आळीपाळीने उपस्थित राहावे, अशी विनंती आहे. उन्हाळी सुट्टीनंतर न्यायालये उघडताच ही व्यवस्था सुरू करता येईल.

– एक वकील, सातारा