तुझ्या खेळाची पहिली चाळीस सेकंदं

प्रिय मन्या,
सप्रेम नमस्कार.

होडीच्या व्हिडिओ गेमला दीड मिनिटाची सुरुवातीची फिल्म करतोयस म्हणे. दीड मिनिटाचा नाद सोड, चाळीस सेकंदं पुरेत. आणि खेळणाऱ्याच्या हातात वल्हं कुठल्या क्षणी येणार ते आधी ठरव. मग तिथून उलटं मोजत मागे ये.

1981चा 'डाँकी काँग' हा खेळ आठव. ते दांडगं माकड बाईला घेऊन शिड्या चढतं, वर पोचून थयाथया उड्या मारतं आणि त्या दणक्यांनी सरळ गर्डर तिरके होतात. झाली फिल्म. एक शब्द नाही, पण पिंपं का घरंगळणार, आपण कुठे चढायचं, कुणाला सोडवायचं, सगळं कळलं. तुझ्या खेळात खरा वैरी ओहोटी आहे ना? मग आजोबांच्या तोंडून गावाचा इतिहास कशाला? पाणी उतरताना दाखव, धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या एकेक उघड्या पडू देत, गाळात कलंडलेली एक होडी दिसू दे. नियम समजला, वर भीतीही बसली.

आता तुझा लाडका खेळ 'फायनल फँटसी सेव्हन', 1997चा. सुरुवातीला तारे, मुलीचा चेहरा, गल्लीतून ती रस्त्यावर येते, मग कॅमेरा वर वर जात अख्खं मिडगार शहर दाखवतो आणि पुन्हा स्टेशनाकडे झेपावतो. गाडी थांबते आणि खेळातली ती ठोकळेबाज पात्रं फलाटावर उड्या टाकतात. सगळे त्या शहराच्या दृश्याचं कौतुक करतात. मला विचारशील तर खरी करामत त्या फलाटावर आहे. खेळातल्या जागाही आधीच रंगवून ठेवलेली चित्रंच होती, म्हणून फिल्म कुठे संपली ते डोळ्याला कळत नाही. हे सगळं किती तुटपुंज्या शिदोरीवर, ते बघ. प्लेस्टेशनची सीडी दुप्पट वेगाने फिरवली तरी सेकंदाला 150 सेक्टर (माहितीचे तुकडे), म्हणजे जेमतेम 300 किलोबाइट वाचायची. सेकंदाला 15 चित्रं धरली आणि आवाजाचा वाटा काढला, तर एका चित्राला 20 किलोबाइटही मिळत नाहीत. ठिणग्या, पाऊस, झपाट्याची हालचाल आली की चित्र चौकोनी तुकड्यांत फुटायचं. अंधारी गल्ली आणि संथ कॅमेरा असल्या फिल्मला मानवतात ते त्यामुळे.

तुझा फिल्म आणि खेळ यांच्यातला सांधा मात्र तीन ठिकाणी उसवेल. पहिलं, काळा रंग. उजेडाच्या आकड्यांत व्हिडिओत काळा 16 वर आणि पांढरा 235 वर धरतात, खेळात काळा 0 आणि पांढरा 255. रूपांतरात हे चुकलं की फिल्ममधली रात्र राखाडी दिसते आणि खेळ सुरू होताच अचानक काळीकुट्ट होते. दुसरं, वेग. सेकंदाला 24 चित्रांची फिल्म 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर नीट बसत नाही. एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा दिसतं. बोलणाऱ्या चेहऱ्यावर ते खपून जातं, पण खाडीवरून कॅमेरा आडवा फिरवलास की दचके बसतात. ते दृश्य 30 वर कर. तिसरं, आवाज. फिल्मचं संगीत आणि खेळाचं संगीत एकाच ऑडिओ बसमधून (आवाजाच्या एकाच वाटेने) जाऊ दे, नाहीतर लाट फिल्ममध्ये गरजेल आणि खेळात कुजबुजेल.

त्याहून सोपा उपाय म्हणजे शेवटची चार सेकंदं व्हिडिओत ठेवूच नकोस. धुकं पडदाभर पसरू दे, त्याच्या आड व्हिडिओ संपव, आणि धुकं विरताना दिसणारी होडी थेट खेळातली असू दे. त्यासाठी पहिला प्रसंग आधीच लोड झालेला हवा, तोही वेगळ्या थ्रेडवर (फिल्मसोबत समांतर चालणाऱ्या कामात), नाहीतर फिल्म अडखळेल. खेळाचं पहिलं चित्र पडद्यावर आल्याशिवाय व्हिडिओ लपवू नकोस. नाहीतर मध्येच एक काळी चौकट लुकलुकते आणि सगळी मेहनत पाण्यात.

आता चित्रांचा हिशेब. 40 गुणिले 24 म्हणजे 960. प्रत्येक चित्र दोनदा दाखवलंस तरी 480 काढायची. एकटा माणूस मरेल! 1988चा 'निंजा गायडन' बघ. अख्खा खेळ 256 किलोबाइटचा, तरी चंद्राखाली दोन निंजा समोरासमोर धावतात, हवेत एकमेकांना ओलांडतात, एक कोसळतो. बहुतेक वेळ चित्र स्थिरच असतं, हलतं ते थोडंच. तूही नऊ दृश्यं घे, प्रत्येकी एक पार्श्वभूमी आणि वर दोन-तीन थर.

किंवा सावल्या वापर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 'राजी' या खेळात (2020) कथेचा भाग छायाबाहुल्यांच्या ढंगात मांडलाय. तुझा खेळ कोकणातला, आणि पिंगुळीच्या ठाकरांकडे चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आहेच. बाहुलीला ओठ जुळवावे लागत नाहीत, चेहऱ्याचे भाव काढावे लागत नाहीत. खांदा, कोपर, मान एवढेच सांधे. मागचा उजेड जरासा थरथरता ठेव, पण लुकलुक सेकंदाला तीनच्या वर नको. अपस्मार असलेल्यांना त्याने खरंच त्रास होतो.

खेळ बनवायचं गोडो इंजिन मूळ स्वरूपात ऑग थिओरा या प्रकारचीच व्हिडिओ फाइल वाजवतं. एमपीफोर टाकून 'चालत नाही' म्हणून डोकं धरून बसू नकोस. थिओरा उलगडण्याचा भार प्रोसेसरवर पडतो, म्हणून स्वस्त फोनसाठी 720 ओळींची वेगळी प्रत काढ.

आणि हो, फिल्म टाळायची सोय पहिल्या दिवसापासून हवी. एकदा दाबलं की सूचना दिसावी, सेकंदभर दाबून धरलं तरच फिल्म सुटावी; नुसत्या चुकून लागलेल्या बोटाने नाही. थांबवण्याचं बटण वेगळं. कुणीतरी दाराची बेल वाजवतंच.

रंगकाम सुरू करण्याआधी पेन्सिलीच्या नऊ चित्रांचं अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे वेळेनुसार जोडलेली कच्ची फिल्म, पाठव. आधी आवाज बंद करून बघेन. पाणी उतरतंय हे तसं कळलं नाही, तर तिसरं दृश्य पुन्हा काढायला लावणार.

तुझा,
बंड्या