पंचशील म्हणजे पाच आज्ञा नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुद्धपौर्णिमेच्या पुरवणीत आपण पंचशीलाची चौकट छापलीत, याचा आनंद झाला. पण मथळा होता ‘बुद्धाच्या पाच आज्ञा’ आणि खाली ‘हत्या करू नकोस, चोरी करू नकोस’. इथे अर्थच पालटतो, म्हणून हे पत्र.

पहिले शील असे आहे: ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.’ ‘समादियामि’ म्हणजे ‘मी स्वीकारतो’. बोलणारा ‘मी’ आहे. ‘पाणातिपाता’ ही पंचमी, म्हणजे जीव घेण्यापासून. ‘वेरमणी’ म्हणजे परावृत्त होणे. आपला ‘विराम’ त्याच धातूचा. ‘सिक्खापद’ म्हणजे स्वतःला वळण लावण्याचा नियम. यातली शिक्षा दंडाची नव्हे, शिकण्याची. भन्ते एकेक ओळ सांगतात आणि उपासक ती स्वतःच्या तोंडाने म्हणतो. हुकूम सोडणारा यात कुणीच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञाही ‘मी करीन’, ‘मी करणार नाही’ अशाच आहेत.

शील नेमके कधी मोडते, हे पाली अट्ठकथांनी, म्हणजे मूळ ग्रंथांवरच्या जुन्या टीकांनी, बारकाईने सांगितले आहे. पहिल्या शीलाची अंगे पाच: समोर जीव असणे, तो जीव आहे हे ठाऊक असणे, मारण्याचा हेतू, तसा प्रयत्न आणि त्यातून मृत्यू. चालताना नकळत मुंगी पायाखाली आली, तर ठाऊक असणेही नाही आणि हेतूही नाही. शील मोडत नाही. डास बसलेला पाहून नेम धरून चापट मारली आणि तो मेला, तर पाचही अंगे भरली. बुद्धांनी चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हटले आहे, ते इथे दिसते. आज्ञा म्हणून वाचणाऱ्याचे या हेतूकडे लक्षच जात नाही.

पाचव्या शीलाचे आपण केलेले ‘दारू पिऊ नकोस’ हे भाषांतर अपुरे आहे. मूळ पाली ओळीत दोन प्रकार आहेत. ‘सुरा’ पीठ, भात अशा धान्याच्या पदार्थांची. ‘मेरय’ फुले, फळे, मध, गूळ यांची. म्हणजे बिअर सुरेत बसते आणि मोहाच्या फुलांची दारू मेरयात. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ या पळवाटेला जागाच नाही. पुढचा ‘पमादट्ठान’ हा शब्द कारण सांगतो: बेसावधपणाचे ठिकाण. भान सुटले की उरलेली चार शीलेही धोक्यात येतात.

छपाईचीही एक चूक आहे. दुसऱ्या, चोरीविषयीच्या शीलात ‘अदिन्नादाना’चे ‘आदिन्नादाना’ झाले आहे. ‘अदिन्न’ म्हणजे न दिलेले. पहिला स्वर दीर्घ केला की त्यातला नकारच जातो. लहान मुले चौकटीतले वाचून पाठ करतात, म्हणून हे महत्त्वाचे.

पुढच्या वेळी मूळ पाली ओळी शब्द सुटे करून द्याव्यात आणि खाली मराठी अर्थ ‘मी’ने सुरू करावा: ‘मी जीव घेण्यापासून दूर राहण्याचा नियम स्वीकारतो.’

आपला,
पाली भाषेचा एक अभ्यासक